न धुतलेली बोरं

आमच्या घरात बोरं धूत नसत. बाकी सगळं धूत. भाजी तीन पाण्यांतून काढत, पाय धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नसत, बाजारातून आणलेली आगपेटीसुद्धा पुसून घेणाऱ्या बायका आमच्याकडे होऊन गेल्या. पण बागेतलं बोर झाडावरून काढलं की सदऱ्याला नाहीतर पदराला घासायचं आणि सरळ तोंडात टाकायचं. पणजीचं म्हणणं असं, की पाणी लागलं की बोराची चव उतरते. खरं-खोटं देव जाणे. चार पिढ्यांत कुणी तपासून पाहिलं नाही, आणि मी तपासायला गेले असते तर आईने माझीच खबर घेतली असती.

बाग नर्मदेच्या पलीकडे, तिलवाऱ्याचा पूल ओलांडून थोडं आत गेलं की लागते. मराठ्यांच्या अमलात आमचे कुणी पूर्वज चाकरीसाठी जबलपूरला आले आणि इथलेच झाले. पणजोबांनी नोकरीतून मोकळं झाल्यावर ही जमीन घेतली. दगडाळ, उताराची, गव्हाच्या कामाची नाही. तिथे त्यांनी बोरं लावली. लोक हसले, कारण बोर ही काही लावायची गोष्ट नव्हती, ते रानात फुकट मिळायचं. पणजोबांनी कलमं बांधली, आजोबांनी ती वाढवली, वडिलांनी विहीर खोल केली आणि दादाच्या हातात बाग आली तोवर आमचं बोर लहान सफरचंदाएवढं झालं होतं. थोडं वाढवून सांगतेय. मोठ्या लिंबाएवढं म्हणू.

जबलपूरच्या मराठी घरांत संक्रांतीचं बोर म्हणजे आमचं बोर. घमापूरची, मदन महालची, फॅक्टरीच्या क्वार्टरमधली, रेल्वेतली, सराफ्यातली दोन-तीन जुनी घरं, सगळी सुगडात घालायला बोरं आमच्याकडून नेत. ज्या घरात नवं लेकरू असेल ते घर लुटीला बागेतच येई. लूट म्हणजे पुण्याकडचं बोरन्हाण. बाळाला काळं झबलं, अंगावर हलव्याचे दागिने. त्याला पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, ओल्या हरभऱ्याचे घाटे ओतायचे. भोवतीच्या मुलांनी ते लुटायचं आणि तिथेच खायचं. इथली मुलं आता घरातही हिंदीच बोलतात, मराठी कळतं पण जीभ वळत नाही. तरी लूट म्हटलं की सगळी धावतात, आणि त्यांच्यामागून त्यांचे आईबाप. एरवी ही माणसं एकमेकांना फक्त लग्नात आणि गणपतीत भेटतात.

आमच्या बागेतल्या लुटीची एक रीत होती. परडी बाळाच्या डोक्यावर रिकामी करण्याआधी घरातल्या मोठ्या पुरुषाने त्यातलं एक बोर उचलायचं, दाताने तोडायचं, "गोड आहे" म्हणायचं आणि तोच तुकडा बाळाच्या ओठांना लावायचा. वडील गेल्यापासून हे काम दादाचं, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचं; बाकी सगळे त्याला भाऊ म्हणतात. दादा त्याआधी एक छोटंसं भाषणही करायचा. "आमच्या झाडांना औषधाचं बोट लागलेलं नाही. पणजोबांपासून नाही." हे तो दरवर्षी जणू पहिल्यांदाच सांगतोय अशा थाटात सांगायचा, आणि वहिनी माझ्याकडे बघून डोळे फिरवायची. मी जबलपुरातल्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली बाई आहे, लग्न केलं नाही, मदन महालला एकटी राहते. मला दादाच्या थाटाची चेष्टा करायचा जन्मसिद्ध हक्क होता आणि तो मी वापरत असे.

दोन वर्षांपूर्वीच्या संक्रांतीला एक प्रकार घडला. घमापूरच्या एक काकू लुटीला नेमाने येतात. नवरा फॅक्टरीतून रिटायर झालेला, काकूंच्या जिभेला हाड नाही, पण मनाने चांगल्या. त्यांनी बोर तोडलं तर आत अळी. पांढरी, वळवळणारी. त्या वर्षी फळमाशी सगळीकडेच होती. काकूंनी ते अर्धं बोर उंच धरलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, यंदा भाऊंची बोरं नॉनव्हेज निघाली!"

सगळं अंगण हसलं. मी हसले, वहिनी हसली, मुलं तर लोळायचीच बाकी होती. मग जो तो आपलं बोर उघडून पाहू लागला आणि अळी सापडली की मुलं "इल्ली! इल्ली!" ओरडू लागली, टाळ्या पडू लागल्या. दादाही हसला. पण मी त्याची बहीण आहे, त्याचं हसणं मला ओळखू येतं. त्याचे कान लाल झाले होते.

पुढे वर्षभर ती अळी काही त्याला सोडेना. कुणाच्या मुंजीत, कुणाच्या साठीला, कुणीतरी विचारायचंच, "काय भाऊ, बोरं व्हेज का नॉनव्हेज?" विचारणाऱ्याच्या मनात काही नसे. आपल्यात माणसाला असंच छळतात, त्यात माया असते. दादाला माया कळली नाही, त्याला फक्त अळी दिसली. त्याच वर्षी त्याला नातू झाला. म्हणजे येत्या संक्रांतीला लूट दुसऱ्या कुणाच्या बाळाची नव्हती, आमच्याच घरातल्या बाळाची होती, आणि सगळं मराठी जबलपूर बघायला येणार होतं.

मुलगा पुण्याला नोकरीत. दादाने ठरवलं, लूट रथसप्तमीला करायची. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करतात, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. संक्रांतीला आठ-नऊ दिवस उरले असताना त्याने वहिनीला आठवडाभर अमरावतीला तिच्या माहेरी पाठवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, दादाने स्वतःहून वहिनीला माहेरी पाठवल्याची ही पहिली वेळ. वहिनी मला फोनवर म्हणाली, "ताई, तुमच्या भावाले काय झालं? स्वतः तिकीट काढून आणलं."

"मजा कर," मी म्हटलं. "पुन्हा असा योग यायचा नाही."

संक्रांत जवळ आली तसे सुगडाच्या बोरांसाठी लोकांचे फोन सुरू झाले. दादा प्रत्येकाला एकच सांगत होता, यंदा बोरं उशिरा आहेत, बाजारातून घ्या. मी स्वतः त्या आठवड्यात बागेत गेले होते. झाडं पिवळीधमक होती. फांद्या वाकून जमिनीला टेकायला आल्या होत्या. मी म्हटलं, "दादा, ही उशिरा? अजून काय हवं, स्वतः चालत घरी जायला हवीत का ती?"

"अजून रस नाही भरला," तो म्हणाला आणि विहिरीकडे निघून गेला.

मला तेव्हा वाटलं, हा बाग विकून राहिला. दोन्ही बाजूंची शेतं प्लॉट पडून गेली होती, पांढऱ्या चुन्याच्या रेघा आमच्या कुंपणापर्यंत आल्या होत्या. गाड्यांतून माणसं येत, कुंपणाशी थांबत, बोट दाखवून बोलत आणि जात. दादा कधी त्यांच्याकडे बघायचाही नाही, पण माणूस बदलायला काय वेळ लागतो? बोरं विकत नाही, लोकांना येऊ देत नाही, बायकोला बाहेर पाठवतो, तोंडाला कुलूप. मी माझ्या मनात सगळा हिशेब जुळवला आणि त्याच्यावर मनसोक्त चिडले. लुटीच्या दिवशी सगळ्यांसमोर जाहीर करणार असेल, असंही मी धरून चालले.

मग पुण्याहून पुतण्याचा फोन आला. रथसप्तमीपर्यंत सुट्टी मिळत नाही, संक्रांतीनंतरच्या रविवारीच करू. वहिनी तोवर परत आली होती, तिने फोनवरच हो म्हणून टाकलं. दादा उठून उभा राहिला. "नाही जमत," तो म्हणाला. "रथसप्तमी म्हणजे रथसप्तमी."

"काहून?" वहिनी म्हणाली. "काय फरक पडते?"

"बोरं नाही झाली."

"अहो, खिडकीतून बघा तरी. झाडं तुटून राहिली वजनानं."

दादाने खिडकीतून पाहिलं नाही. तो म्हणाला, "पाऊस यायला पाहिजे." संक्रांतीच्या सुमाराला पाऊस आला तर बोर फुटतं, काळं पडतं. बोरवाल्याच्या घरात जन्मलेल्या माणसाने मावठ्याची वाट बघावी, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. मी आणि वहिनी एकमेकींकडे बघतच राहिलो.

त्या आठवड्यात आभाळ रोज भरून येत होतं. सगळे देवाला हात जोडत होते, रविवारी पाऊस नको म्हणून, मांडव भिजेल, पाहुणे अडकतील. दादा पहाटे उठून अंगणात उभा राहायचा आणि वर बघायचा. वहिनी सांगते, झोपेतही तो "आला का?" म्हणायचा. ढग यायचे आणि नर्मदेवरून तसेच पुढे निघून जायचे.

रविवारी मी सकाळीच पोचले. मांडव झाला होता, चुलीवर खिचडीचं पातेलं चढलं होतं. हवेत गारवा होता, ऊन नव्हतं. बागेत शिरल्यावर मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं आणि काय ते कळेना. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की आवाज नाही. जानेवारीत आमच्या बागेत राघूंचा इतका कालवा असतो की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. दादा लहानपणापासून त्यांच्यामागे डबे वाजवत हिंडलाय. त्या दिवशी एक राघू नव्हता.

"यंदा आलेच नाही," वहिनी म्हणाली. तिला आनंदच होता. "एक बोर टोचलेलं नाही बघा. देवानेच राखली नातवासाठी."

झाडाखाली पडलेली बोरं मी वाकून पाहिली. पिकून पडलेलं बोर म्हणजे मुंग्यांची जत्रा असते. इथे बोरं गोरीगोमटी पडली होती आणि आसपास एक मुंगी नव्हती. थंडीमुळे असेल, मी स्वतःला सांगितलं. भूगोल शिकवलेली बाई, तिला हवामानाचं कारण चटकन सुचतं. तरी मी ते बोर उचललं नाही. काहून नाही, ते मला सांगता येणार नाही.

दहाच्या सुमाराला माणसं यायला लागली. मुलं गाडीतून उतरली की थेट झाडांकडे पळत. आमच्या बागेत कुणी मुलांना कधी अडवलं नाही, तीही एक रीतच. त्या दिवशी दादा त्यांच्यामागे धावला. "तिकडे नको, तिकडे साप निघालाय!" मुलं किंचाळून परतली, पण किती वेळ? दादा एका टोकाला हाकलायचा, ती दुसऱ्या टोकाने आत शिरायची. सापाचं नाव काढल्यावर तर मोठी मुलं काठ्या घेऊन सापच शोधायला गेली. घमापूरच्या काकूंची नात, पाच वर्षांची, दोन वेण्या घातलेली, ती दादाच्या मागे मागे, "दादाजी, साप दिखाओ ना," म्हणत फिरत होती.

"एवढ्या थंडीत साप कुठला रे?" मी त्याला म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा घामेजला होता. सगळे शाल पांघरून बसले होते आणि माझा भाऊ घामाने भिजला होता. मला वाटलं याला बरं नाही. म्हटलं, बस जरा, पाणी पी. तो म्हणाला, "लवकर आटपा. लवकर आटपून सगळ्यांना जेवायला बसवा."

पुतण्याच्या बायकोने बाळाला आणलं. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, गळ्यात हलव्याचा हार, आणि तो पठ्ठ्या मान वाकवून स्वतःचाच हार चाटत होता. बायका हसल्या. वहिनीने त्याला मांडीवर घेतलं, औक्षण झालं. मग परडी आली. खरं सांगते, इतकी देखणी बोरं आमच्या बागेत मी कधी पाहिली नव्हती. पिवळी, तुकतुकीत, एक डाग नाही, एक छिद्र नाही. लोकांमधून "वा!" निघालं. काकू पुढे होऊन म्हणाल्या, "भाऊ, यंदा एकदम प्युअर व्हेज!" पुन्हा सगळे हसले.

दादाने भाषण केलं नाही. मी वाट पाहत होते, औषधाचं बोट आता येईल, मग येईल. त्याने नुसतं एक बोर उचललं. हातात धरून उभा राहिला. वर पाहिलं. आभाळ भरलेलं, पण कोरडं.

"दादा, खा ना," मी म्हटलं. "कोणता मुहूर्त पाहून राहिला?"

सगळे हसले. दादाने बोर तोंडात घातलं आणि दाताने तोडलं. त्याचं तोंड हलत नव्हतं. "गोड आहे" म्हणायचं होतं, तेही त्याने म्हटलं नाही. बोटांत उरलेला तुकडा घेऊन तो वाकला. बाळाला समोर काहीतरी खायचं आलेलं दिसलं, त्याने तोंडाचा आ केला. खालचे दोनच दात आले होते. दादाचा हात बाळाच्या ओठांपाशी गेला आणि तिथेच थांबला. बाळ मान पुढे करत होतं.

दादाने हात मागे ओढला. तोंडातला घास त्याने तिथेच, मांडवात, सगळ्यांसमोर थुंकला.

"नको," तो म्हणाला. "कोणी खाऊ नका. औषध मारलं मी."

कुणाला कळलंच नाही. पुतण्या म्हणाला, "बाबा, काय?"

"औषध मारलं. फवारा. दोन हप्ते बोर तोडायचं नाही म्हणाला होता दुकानवाला. दोन हप्ते नाही झाले." त्याचा आवाज लहान झाला होता. "रथसप्तमीले झाले असते. मला वाटलं पाऊस येईल, धुवून जाईल."

वहिनीने बाळाला छातीशी धरलं आणि ती मागे सरकली. त्याच्यापासून मागे सरकली, हे मी पाहिलं, त्यानेही पाहिलं. वहिनीला अमरावतीला धाडून, पहाटे अंधारात, एकट्याने पाठीवर पंप घेऊन त्याने सगळी बाग फवारली होती. एका अळीसाठी. बाजारातून दोन किलो बोरं आणून परडीत भरली असती तर काय बिघडलं असतं? निदान नळाखाली धरली असती? पण आमच्या घरात बोरं धूत नाहीत. धुतली असती तर कुणीतरी विचारलं असतं, का धुतली. मला त्याचा तेव्हा जो राग आला तो अजून गेलेला नाही आणि जाईल असं वाटतही नाही.

मग एका बाईने विचारलं, अगदी हळू, "भाऊ, पण मुलं तर सकाळपासून झाडाखालीच आहेत ना?"

त्यानंतर जे झालं ते मला नीट क्रमाने आठवत नाही. पाट उलटला, चुरमुरे पायाखाली चुरडले, प्रत्येक आई आपल्या मुलाच्या नावाने ओरडत बागेत पळत होती. मुलांना धरून आणलं. आया त्यांच्या तोंडात बोटं घालून बघत होत्या. "बोर खाया क्या? कितने खाए? सच बोलो!" आणि मुलं, ती बिचारी, त्यांना वाटलं आपण काहीतरी गुन्हा केला, साप असताना झाडाखाली गेलो म्हणून मार बसणार. सगळी एकजात खोटं बोलत होती. "नहीं खाया. एक भी नहीं." एकाने तर देवाची शपथ घेतली. त्याच्या आईने त्याची पँट झटकली तर खिशातून बोरांच्या बिया पडल्या. चोखून पांढऱ्या केलेल्या. मग सगळ्यांचे खिसे उलटे करायला सुरुवात झाली.

काकूंच्या नातीच्या फ्रॉकला खिसा नव्हता. ती म्हणत होती, "मैंने नहीं खाया." दादा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. एवढा मोठा माणूस, सगळ्या समाजासमोर, मातीत.

"बेटा, मैं नहीं डाँटूँगा," तो म्हणाला. "दादाजी को सच बता दे. कितने खाए?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग त्याची कीव आल्यासारखी त्याच्या कानाशी गेली. पण लहान मुलांचं कानात बोलणं सगळ्या गावाला ऐकू जातं. "बहुत सारे," ती म्हणाली. "दादाजी, आज एक में भी इल्ली नहीं थी."

एवढं बोलून ती हसली, आणि मग तिला उलटी झाली.

ती मुलगी वाचली. हे आत्ताच सांगून टाकते, कारण लोकांचा जीव उगाच टांगून ठेवणं मला आवडत नाही. काही दिवसांनी ती घरी आली, आता शाळेत जाते, दोन वेण्या तशाच आहेत. बाकीच्या मुलांना उलट्या, पोटदुखी, यापलीकडे काही झालं नाही. पण त्या दुपारी आम्हाला यातलं काहीएक ठाऊक नव्हतं. गाड्या भरभरून मुलं पुलाच्या अलीकडच्या एका दवाखान्यात नेली. काकू नातीला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर होत्या, मी आणि दादा मागे. मुलीच्या तोंडातून लाळ गळत होती, वेण्या घामाने चिकटल्या होत्या. काकू, ज्यांना मी आयुष्यात कधी गप्प पाहिलं नव्हतं, त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. दादाने एकदा पुढे हात करून मुलीच्या डोक्यावर ठेवायचा प्रयत्न केला. काकूंनी तो न बघता बाजूला सारला.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने मुलीच्या डोळ्यांत टॉर्च मारला, बाहुल्या पाहिल्या, आणि तिचा चेहरा बदलला. नर्सला भराभर काहीतरी सांगितलं, मुलीला आत नेलं. मग ती दारात आली. "छिड़काव किसने किया था?"

दादा पुढे झाला.

"दवाई का नाम बताइए."

दादाने पुतण्याकडे पाहिलं.

"डिब्बा लाए हैं? फोटो है? इलाज उसी हिसाब से होगा, जल्दी बताइए."

"डिब्बा जला दिया," दादा म्हणाला. वहिनीच्या नजरेस पडू नये म्हणून, हे त्याने सांगितलं नाही, पण मला कळलं. पुतण्या तिथूनच दुकानदाराला फोन लावत होता. रविवार. दुकान बंद, फोन वाजून वाजून थांबत होता.

"नाम तो याद होगा," डॉक्टरीण म्हणाली. तिला अजून विश्वास बसत नव्हता. "दुकान पर जाकर क्या बोला था आपने? क्या माँगा था?"

कॉरिडॉर आमच्याच माणसांनी भरला होता. कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या हातात सलाईनची बाटली. दरवर्षी ज्यांच्यासमोर तो भाषण करायचा ती सगळी माणसं. दादाला बागेतल्या एकूण एक झाडाचं वय सांगता येतं, कोणतं कलम कुणाच्या हातचं, कोणत्या फांदीचं बोर आधी पिकतं, सगळं तोंडपाठ. तो खाली फरशीकडे बघत होता. काकू त्याच्याकडे बघत होत्या.

"मैंने कहा था," दादा म्हणाला, "जो सबसे तेज हो, वो दे दो."